पाणी गेलं असेल

आक्का भावाच्या घरी राहायला आली तेव्हा तिचा सगळा संसार दोन बॅगा आणि एका ट्रंकेत मावला होता. हयात तिनं रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. निवृत्त झाली तशी रुग्णालयाच्या आवारातली खोली सोडावी लागली. धाकटा भाऊ म्हणाला, "आक्का, आमचं घर असताना तू खोल्या शोधत फिरणार का?" भावजयही म्हणाली, "याच तुम्ही." आक्का आली.

या भावाला घरात अजून छोट्या म्हणत. पन्नाशीला टेकलेला, टक्कल पडलेला माणूस, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटत नाही. काचेच्या बाटल्या करायच्या कारखान्यात तो पाळीचा प्रमुख होता. आक्का आली आणि पुढच्याच हिवाळ्यात मालकांनी कारखाना दुसऱ्या गावी हलवला. मोठ्या भट्ट्या तिकडे गेल्या, माणसं इकडेच राहिली. तेव्हापासून छोट्या घरीच होता. तरी रोज सकाळी दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि बाहेरच्या खोलीत बसायचा, जणू कुणी आत्ता बोलवायला येणार आहे. दुपार झाली की शर्ट काढून हँगरला लावायचा.

घर आता भावजयीच्या कामावर चालत होतं. ती एका वास्तुविशारदाकडे नकाशे काढायची, तेही घरी बसून. खिडकीजवळच्या छोट्या खोलीत तिचं टेबल, मोठा स्क्रीन आणि टेबलाखाली कॉम्प्युटरचा काळा डबा. त्या खोलीचं दार ओढलेलं असलं की घरातली माणसं दबक्या पावलांनी चालायची. कुकरची शिट्टीसुद्धा जरा बेतानं वाजते, असं छोट्या गमतीनं म्हणायचा. पहिल्या पहिल्यांदा त्यावर सगळे हसायचे. अलीकडे त्याचं त्यालाच हसू येत नव्हतं.

त्या सकाळी भावजयीनं नेहमीसारखं बटण दाबलं. डब्यातले पंखे घरघरले, पुढचा हिरवा दिवा लागला, पण स्क्रीन काळाच. एकदा त्यावर 'सिग्नल नाही' अशी अक्षरं आली आणि तीही विझली. तिनं बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच.

"अहो," तिनं हाक मारली, "जरा इकडे या."

छोट्या आला. त्याच्या मागोमाग आक्काही, हात पुसत, दारात उभी राहिली. छोट्यानं मोबाईलवर शोधून उपाय वाचायला सुरुवात केली. आधी स्क्रीनची वायर काढून परत घट्ट बसवायची. तो टेबलाखाली पालथा पडला, वायर काढली, बसवली. काही नाही. मग वायर बदलून बघायची. टीव्हीची वायर काढून आणली, लावली. काही नाही. मग प्लग काढून बटण बराच वेळ दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेली वीज जाते. दाबून धरलं. वीज गेली असेल, काळोख काही गेला नाही.

"पुढं काय लिहिलंय?" भावजयीनं विचारलं.

"डबा उघडून मेमरीची पट्टी काढून बसवा म्हणतात," छोट्या म्हणाला आणि अंगठ्यानं भराभर मजकूर वर सरकवला. "ते आपल्याला जमण्यातलं नाही."

भावजय खुर्चीत मागे टेकली. एका शाळेच्या इमारतीचे नकाशे चालले होते. शाळेचे दोन्ही जिने अरुंद पडतात म्हणून तिनं ते नव्यानं आखले होते, आणि ते नवे जिने या डब्याखेरीज कुठंच नव्हते. ऑफिसात होती ती जुनी प्रत.

"परवा संध्याकाळी नीट बंद केला होता मी," ती म्हणाली. "काल तर मी दिवसभर ऑफिसातच होते. काल या खोलीत कोण आलं होतं?"

"मी केर काढला," आक्का म्हणाली. "टेबल पुसलं."

"फडकं कसलं होतं?"

"ओलसर. पिळून घेतलं होतं."

"डब्यावरनं पण फिरवलं?"

"वरनं फिरवलं. धूळ दिसत होती."

पंखे तेवढे घरघरत होते. छोट्या अजून टेबलाखालीच होता, त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. तिथूनच त्याचा आवाज आला, अगदी हळू.

"पाणी गेलं असेल."

एवढंच. पण भावजयीनं इतका वेळ घातलेला बांध त्यानं फुटला.

"आक्का, ही खोली माझी मी आवरते म्हणून तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"एकदा सांगितलं होतंस," आक्का म्हणाली. खरं तेच बोलायची तिला वाईट खोड होती.

"मग किती वेळा सांगायचं? घर चालवायला हे एक यंत्र आहे. एकच. त्यावर पोछा मारायचा नसतो एवढं कळायला काय लागतं? लहान मुलांची शाळा आहे ती, आक्का. आता मी त्यांना काय सांगू, आमच्या घरी साफसफाई झाली म्हणून?" तिचा आवाज चिरकला. मग ती एकदम थंड बोलली, आणि ते जास्त लागलं. "यापुढे तुम्ही या खोलीत येत जाऊ नका. दारातसुद्धा नको."

आक्का दारातच उभी होती. ती मागे सरली आणि स्वयंपाकघरात गेली.

रुग्णालयात तिच्या हातून एकही चूक झाली नाही असं नव्हतं, पण जी झाली ती तिनं त्याच दिवशी स्वतः जाऊन सांगितली होती. चूक कशी दिसते हे तिला ठाऊक होतं. दुपारी घरात सामसूम झाल्यावर तिनं तेच फडकं घेतलं, तसंच भिजवलं, तसंच पिळलं आणि डब्याला वर जाळी होती तिच्या जागी चाळणी पालथी घालून तिच्यावरनं फिरवलं. चाळणीखाली कागद ठेवला होता. कागदावर थेंब पडला नाही. तिनं पुन्हा केलं, जरा कमी पिळून. तरी पडला नाही. म्हणून काही मनाची खात्री पटेना. काल नेमकं किती पिळलं होतं, हे आज कोण सांगणार? वय झालं की हाताचा जोर कमी होतो, आणि तो कमी झालाय हे हाताला सगळ्यात शेवटी कळतं.

छोट्या दुपारभर बाहेरच्या खोलीत बसून होता. आक्का म्हणाली, "अरे, दुकानात तरी ने."

"नेतो. पण आत ओल असली तर लगेच उघडू नये म्हणतात. दोन दिवस वाळू दे. होईल आपोआप सुरू." मग थोड्या वेळानं, "आणि ते दुकानवाले फसवतात गं. एक दुरुस्त करतात आणि तीन बिघडवतात."

दुसऱ्या दिवशी भावजय सकाळीच ऑफिसात गेली, तिथल्या एखाद्या टेबलावर बसून जिने पुन्हा आखायला. जाताना तिनं आक्काला सांगितलं, "माझं जेवण नको." नुसतं तेवढंच, पण तिच्या बोलण्यात पूर्वीची ऊब नव्हती. छोट्याही कुणाला तरी कामासाठी भेटायचंय म्हणून बाहेर पडला.

घरात आक्का एकटी उरली. त्या खोलीच्या दाराशी ती बराच वेळ थांबली. मग आत गेली, डब्याच्या मागच्या वायरी एकेक करून काढल्या, कुठली कुठं होती ते नीट बघून ठेवलं, डबा चादरीत गुंडाळला आणि शेजारणीची भाजी आणायची चाकांची पिशवी मागून आणली. तीन जिने तिनं तो डबा पोटाशी धरून उतरवला. एकेका पायरीवर टेकत, तान्ह्या मुलाला उतरवावं तसा. आपल्याच हातून बिघडला असेल तर बिघडला, पण आपण काय केलं ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

चौकापलीकडे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लांबुळकी खोली, आणि तिच्यात पोट उघडून ठेवलेली यंत्रं. चालवणारी चाळिशीतली बाई होती. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आणि घसा इतका बसलेला की ऐकायला पुढं वाकावं लागे.

"काय होतंय याला?" तिनं विचारलं.

"पंखे फिरतात, दिवा लागतो, पण स्क्रीन काळा राहतो."

"चालू करताना बीप वाजतो?"

"काही वाजत नाही."

"कुणी काही केलं होतं का?"

"मी ओल्या फडक्यानं पुसला," आक्का म्हणाली. "त्यात पाणी गेलंय."

बाईनं तिच्याकडे मान वर करून बघितलं. "मावशी, आल्या आल्या कबूल करणारं तुम्ही पहिलंच गिऱ्हाईक. बाकी सगळ्यांचं आपोआपच झालेलं असतं."

डबा टेबलावर आडवा ठेवून तिनं कडेचा पत्रा काढायला घेतला. एक स्क्रू जागेवर नव्हताच. दुसरा फिरवला तर अर्ध्यावरच सुटून आला. "हा नीट बसवलेला नाही," ती पुटपुटली. पत्रा बाजूला ठेवून तिनं आत टॉर्च मारली आणि कोपरा न कोपरा बघितला.

"कोरडा ठणठणीत आहे," बाई शेवटी म्हणाली. "पाणी गेलं असतं तर वाळल्यावर पांढरट डाग राहिला असता. इथं तर वरची धूळसुद्धा हललेली नाही. हे बघा."

आक्का वाकली. आत सगळीकडे धुळीचा मऊ करडा थर होता. एका जागी मात्र तो पुसला गेला होता, आणि पुसलेल्या जागेच्या कडेला बोटं उमटली होती.

बाईनं आधी डबा दुकानातल्या स्क्रीनला जोडला. काळाच. "म्हणजे तुमचा घरचा स्क्रीन चांगला आहे. दोष यात आहे." मग मेमरीची पट्टी काढली, तिच्या पिवळ्या दातऱ्यांवर साधं शाळकरी खोडरबर घासलं, फुंकर मारली आणि पट्टी परत बसवली. पंखे घरघरले. स्क्रीन काळा. तिनं पट्टी पुन्हा काढली आणि ती बसते त्या अरुंद फटीवर भिंग धरलं. शेजारी तशीच दुसरी फट होती, रिकामी. बाई तिथं थांबली.

"इथं आहे दुखणं," ती म्हणाली. "कुणीतरी या शेजारच्या फटीत नवी पट्टी घालायला गेलंय. यंत्र जोरात चालावं म्हणून घालतात लोक. पण आणलेली पट्टी वेगळ्या जातीची असणार. तिची खाच जुळत नाही. जुळत नाही म्हटल्यावर माणसानं थांबावं ना, तर थांबलेलं नाही. अंगठ्यानं रेटलंय. कडेला तडा गेलाय आणि आतल्या दोन पिना वाकून एकमेकींना चिकटल्यात. त्या चिकटल्या की सगळंच अडतं."

"म्हणजे पाण्यानं नाही?"

"पाण्याचा काही संबंध नाही, मावशी."

बाईनं बारीक सुई घेतली. "टॉर्च धराल का? माझा पोरगा असतो धरायला, आज नाही." आक्कानं टॉर्च धरली. बाई श्वास रोखून एकेक पीन सरळ करत होती आणि उजेड सुईच्या टोकावरून जरासुद्धा ढळत नव्हता. "हात हलत नाही तुमचा," बाई म्हणाली. कालपासून त्याच हातावरचा आक्काचा विश्वास उडाला होता.

पिना सुटल्या. जुनी पट्टी जागेवर बसली, दोन्ही कडांना टक् असा आवाज झाला. बटण दाबलं. एक छोटा बीप वाजला, पांढरी अक्षरं पळाली, आणि मग स्क्रीनवर भावजयीनं लावून ठेवलेलं चित्र आलं. आक्कानं मोठा श्वास सोडला.

"तडा गेलेली फट पुन्हा वापरू नका. बाकी सगळं शाबूत आहे."

"कुणी केलं असेल हे?" आक्कानं विचारलं. विचारलं तेव्हा तिला खरंच ठाऊक नव्हतं.

"घरात माणसं किती?"

"तिघं."

"मग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत," बाई म्हणाली आणि पत्रा बसवायला लागली.

आक्का बाकावर बसली. परवा भावजय ऑफिसात गेल्यावर छोट्या स्वयंपाकघरात आला होता. "आक्का, स्क्रू ड्रायव्हर कुठं आहे? कपाटाची बिजागरी लोंबतेय, बसवतो." तिनंच स्टूलवर चढून माळ्यावरून काढून दिला होता. ती बिजागरी अजून लोंबत होती. सकाळी कपाटातनं साखर काढताना तिच्या हाताला लागली होती.

अपघात विभागात तिनं बरीच वर्षं काढली होती. तिथं जखमी माणसाबरोबर आलेले नातेवाईक काहीबाही सांगत: जिन्यावरून पडली, दार लागलं, अंधारात आपटला. आक्का जखम धुता धुता ऐकून घ्यायची. जखम एक सांगायची आणि माणसं दुसरं. तिला त्या लोकांचा राग येत नसे, कारण ती घरं तिची नव्हती. आज मात्र तिला 'पाणी गेलं असेल' हे तीन शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत होते, टेबलाखालून आलेले. छोट्या गप्प बसला असता तर तिनं समजून घेतलं असतं. घाबरला, म्हणाली असती. पण तो गप्प बसला नव्हता. आपण सुटलो याचा आनंद व्हायला हवा होता. झाला तो जेमतेम चौक ओलांडेपर्यंत टिकला.

छोट्या जिन्यातच भेटला, दुसऱ्या मजल्यावर. खाली धावत निघाला होता. टेबलाखालची रिकामी जागा त्यानं बघितली असणार. आक्काच्या हातातली चाकांची पिशवी बघून तो जागीच थांबला.

"तू नेलास?"

"नेला. सुरू झाला."

तो कठड्याला धरून पायरीवर बसला. इस्त्रीचा शर्ट पाठीला घामानं चिकटला होता. "काय म्हणाला तो?"

"ती. बाई आहे. म्हणाली, खाच जुळत नव्हती, तरी अंगठ्यानं रेटलंय."

छोट्यानं मान खाली घातली. "ती रोज म्हणायची, फार हळू चालतो, नकाशा उघडायला जन्म जातो. म्हटलं, आपण गुपचूप नीट करून ठेवू. ती आल्यावर बघेल. कारखान्यात मी एवढाल्या भट्ट्या सांभाळल्या, आक्का. हे तर खेळणं वाटलं मला."

"मग सांगायचं होतंस."

"काय सांगू? नोकरी गेली ती गेली, आता तुझंही मोडून ठेवलं, असं सांगू? या घरात माझी किंमत काय उरलीय तुला दिसतंच आहे."

"आणि माझी?"

"तुझ्यावरचा राग ती विसरेल. तू बहीण आहेस माझी, थोडं सोसशील असं वाटलं. माझ्यावरचा राग नाही विसरणार ती." त्यानं वर बघितलं. लहानपणी शाळेतून मार खाऊन आला की असाच बघायचा. "तिला सांगू नकोस गं. दुरुस्त झालाच आहे ना आता?"

आक्काला त्याची दया आली, आणि दया आली याचाच राग आला. "मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तू सांग. आज ती आली की. मी तुझ्याबरोबर उभी राहते."

"बघतो," छोट्या म्हणाला आणि पिशवी उचलायला पुढं झाला.

"राहू दे. मी आणते," आक्का म्हणाली.

संध्याकाळी भावजय आली ती थकून, डोळे लाल. खोलीत उजेड दिसला म्हणून दारातून डोकावली तर स्क्रीन चालू. ती तशीच पायातल्या चपलांसकट आत गेली, फाइल उघडली, जिने दिसले. एक जिना, दुसरा जिना, सगळ्या रेषा जागच्या जागी. ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थोड्या वेळानं म्हणाली, "काय झालं होतं?"

आक्का दाराबाहेर उभी होती. छोट्या आत होता. आक्कानं त्याच्याकडे बघितलं. त्यानं बघितलं नाही.

"मेमरी सैल झाली होती म्हणे," तो म्हणाला. "होतं कधी कधी."

भावजय डोळे पुसून आक्काकडे वळली. काल बोलली त्याचं तिला वाईट वाटत होतं हे उघड दिसत होतं. "आक्का, मी फार तोडून बोलले. मनावर घेऊ नका. तुम्हीच नेलात ना दुकानात? बरं झालं. यापुढे फडकं तेवढं कोरडं वापरा, म्हणजे झालं."

काल ती ओरडली तेव्हा आक्कानं सहन केलं होतं. ही माफी मात्र तिच्या घशाखाली उतरेना. न केलेल्या गुन्ह्याची माफी घेऊन या घरात पुढची वर्षं काढायची, कोरडं फडकं घेऊन. तिनं पुन्हा छोट्याकडे बघितलं. तो वायर नीट करत होता, जी नीटच होती.

"ओलीनं नाही झालं," आक्का म्हणाली. "दुरुस्तीवाल्या बाईनं मला उघडून दाखवलं. कुणीतरी नवी पट्टी घालायला गेलं आणि ती बसेना म्हणून रेटली. आत धुळीत बोटं उमटलीत. माझी नाहीत ती."

भावजयीचा माउसवरचा हात थांबला. ती छोट्याकडे वळेल, विचारेल, ओरडेल असं आक्काला वाटलं. ती स्क्रीनकडेच बघत राहिली. छोट्यानं वायर सोडली, कुणाच्याही अंगाला न लागता दोघींच्या मधून वाट काढली आणि बाहेर गेला. बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला.

आक्का स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं भावजय तिथं आली. लोंबणाऱ्या बिजागरीला हात लावून उभी राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

आक्काला आधी नीट कळलंच नाही. "काय माहीत होतं?"

"पत्र्याचा एक स्क्रू टेबलाखाली पडलेला मला काल सकाळीच दिसला होता. कचऱ्यात पट्टीचं रिकामं खोकं होतं. मी ऑफिसातनं आले त्या रात्री हे जेवतानाही माझ्याकडे बघत नव्हते. मला कळलं होतं, आक्का. म्हणजे कळू द्यायचं नव्हतं मला, पण कळलं होतं."

"मग मला का बोललीस?"

भावजयीनं बिजागरी हलवून बघितली. "हे रोज सकाळी दाढी करून बसतात ना, मला त्याची भीती वाटते. एक दिवस दाढी करायची थांबतील याची. त्या सकाळी मी यांना काही बोलले असते तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. आणि राग तर आतून नुसता उकळत होता. जिने गेले होते माझे. हे म्हणाले, पाणी गेलं असेल. मग तुम्हाला बोलले. तुम्हाला बोलणं सोपं होतं."

"सोपंच," आक्का म्हणाली. "मला जायला जागा नाही ना."

भावजयीनं ते नाकारलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं खोटं काही सांगितलं नाही, आणि आक्काला ते त्यातल्या त्यात बरं वाटलं. दोघींनी मिळून स्वयंपाक उरकला. छोट्या अंधार पडल्यावर आला. तीन ताटं घेतली होती. तो बसला, दोन घास खाल्ले आणि ताटाकडे बघतच म्हणाला, "मी मोडलं. आक्कावर घातलं." भावजयीनं त्याच्या ताटात भात वाढला. तो रडत रडत जेवला आणि दोघी जणी आपापल्या ताटाकडे बघत राहिल्या.

त्यानंतर घरात भांडण असं झालंच नाही. उलट सगळे फार जपून वागायला लागले. भावजय खोलीचं दार उघडं ठेवायची आणि आक्काला मुद्दाम आत बोलवायची. छोट्यानं बिजागरी बसवली, नळ बदलला, दिसेल ते दुरुस्त करत सुटला, प्रत्येक वेळी आधी विचारून. आक्का सगळ्यांना बरं बोलायची. पण त्या खोलीत पाऊल टाकताना तिचं पाऊल अडायचंच, आणि कुणाचा काही आवाज झाला, काही पडलं, फुटलं, की ती आधी आपले हात बघायची.

असं जगायचं नाही, हे तिनं कुणाशी न बोलता ठरवलं. जुन्या वॉर्डातली एक मैत्रीण एकटी राहत होती, गुडघ्यांनी बेजार. तिला सोबत हवी होती. दोन खोल्या होत्या. आक्कानं होकार कळवला आणि मग एका रविवारी दोघांना सांगितलं.

छोट्याचा चेहरा पडला. "माझ्यामुळं चाललीस."

"तुझ्यामुळं म्हणून नाही. तुझ्यावर रागावून तर मुळीच नाही," आक्का म्हणाली, आणि हे निम्मं खरं होतं. "पण मला कुठंतरी दार लावून घेता आलं पाहिजे रे. आणि तू मला भेटायला यायला पाहिजेस. आता तू मला भेटतच नाहीस, नुसता समोर असतोस."

भावजय थांबा म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी ती टेप घेऊन आक्काबरोबर त्या मैत्रिणीच्या घरी गेली, खोली चारी बाजूंनी मोजली, दार कुठं उघडतं, उजेड कुठून येतो ते बघितलं आणि येऊन कॉम्प्युटरवर त्या खोलीचा नकाशा काढला. पलंग, ट्रंक, टेबल. आक्काला तिनं शेजारी खुर्ची दिली.

"उशी कुठल्या बाजूला ठेवू?" तिनं विचारलं. "खिडकीकडे डोकं केलंत तर सकाळी ऊन तोंडावर येईल."

"येऊ दे," आक्का म्हणाली.

छोट्या दारात उभा होता. "आत ये ना," दोघीही म्हणाल्या. तो तिथूनच बघत राहिला.